थेंब पडू द्यायचा असतो

मावशी,
मी ३७ वर्षांची आहे, सांगलीत विश्रामबागला राहते. विलिंग्डन कॉलेजातून इंग्रजी घेऊन शिकले आणि १३ वर्षं टेक्निकल रायटर म्हणून काम करतेय, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी मदतपानं लिहिते. त्यातली ९ वर्षं पुण्याच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, लॉकडाऊनपासून घरून. आमची ९ जणांची टीम होती, आता ४ उरलोय. पहिला ड्राफ्ट एआय लिहितं, आम्ही फक्त रिव्ह्यू करायचा. पूर्वी महिन्याला माझी चाळीसेक पानं व्हायची, आता दीडशे मागतात. मार्चमध्ये पुन्हा टीमची फेररचना आहे. दीर म्हणतात, बी.एड. करून टाक. एक ऑनलाइन क्लासवाले ८५ हजारांत प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग, म्हणजे एआयला नेमकं कसं सांगायचं ते, शिकवतो म्हणून सारखे फोन करतात. माझे वडील पंपाच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर आहेत. परवा पेपर वाचता वाचता म्हणाले, "बाळ, तुझं काम आता मशीन करणार म्हणे?" मला काही बोलताच आलं नाही. माझा धंदा संपला का? की मीच मागे पडले?
– सांगलीची एक वाचक (नाव छापू नये)

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण रात्री तोच टोचत असणार. तू मागे पडलेली नाहीस. धंदा संपलेलाही नाही. पण तो आक्रसतोय, हे खरं आहे, आणि ते तुझ्यापासून लपवून मी तुझं काही भलं करणार नाही. सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही अमेरिकेतली संघटना, सत्तर वर्षांहून जुनी. तिच्या अंकांच्या झेरॉक्स आम्ही पुण्यात एकमेकींना वाचायला द्यायचो. जानेवारी २०२५ मध्ये तिनं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचली त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हा तुझी भीती मनाचा खेळ आहे असं तुला कुणी सांगितलं, तर ते मानू नकोस.

पण भीती नेमकी कशाची बाळगायची, एवढं आपण नीट पाहून घेऊ.

मी १९८३ साली सांगली जिल्ह्यातल्याच एका पंपाच्या कारखान्यात लागले. बसायला जागा मिळाली ड्रॉइंग ऑफिसात. मॅन्युअल टाइपरायटरवर स्टेन्सिल कापून व्हायचं. अक्षर चुकलं की लाल करेक्शन फ्लुइड लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि त्यावर पुन्हा टाइप करायचं. आकृत्या ट्रेसर काढायचे, शाईनं, ट्रेसिंग पेपरवर. अमोनिया प्रिंटच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. शेतकऱ्याला द्यायची मराठी पुस्तिका सांगलीच्या छापखान्यात खिळे जुळवून छापली जायची; प्रुफं घेऊन मी एसटीनं जायची. मग संगणकावर पानं जुळवणारा पेजमेकर आला आणि खिळे जुळवणारे कंपोझिटर घरी बसले. ऑटोकॅड आलं, ट्रेसर गेले. १९९६ साली मी पुण्याला, कारखान्यांची मॅन्युअलं लिहून देणाऱ्या एका कंपनीत गेले. तिथं फ्रेममेकर शिकले, मग सॉफ्टवेअरच्या मदतपानांसाठी रोबोहेल्प. पुढे डिटा ही आयबीएममध्ये तयार झालेली, तुकड्यातुकड्यांनी लिहायची पद्धत २००५ साली मानक म्हणून आली आणि अख्खं पुस्तक लिहायचं सोडून आम्ही छोटे छोटे तुकडे लिहायला लागलो, एक तुकडा दहा पुस्तकांत वापरायचा म्हणून. तुझ्या वेळी मार्कडाउन आणि गिट आलं असेल. म्हणजे पद्धत बदलणं हे या कामात दर सात-आठ वर्षांनी येणारं आहे, आणि दर वेळी कुणाचं ना कुणाचं ताट खरंच काढून घेतलं गेलं आहे.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात दोन ट्रेसर होते, त्यांच्याबद्दल सांगते. पहिल्याचं अक्षर छापल्यासारखं. दिवसाला दुसऱ्याच्या दुप्पट शीट काढायचा. दुसरा हळू. पण काम करता करता मध्येच उठून यायचा आणि विचारायचा, "बाई, या फ्लँजला चार भोकं दाखवलीत, खाली शॉपमध्ये तर आठाचा फ्लँज लावतायत." फ्लँज म्हणजे पाइप जोडायची भोकांची चकती. तो जाऊन बघून आलेला असायचा. संगणक आला तेव्हा साहेबांनी या दुसऱ्याला चेकर केलं, म्हणजे ड्रॉइंग तपासणारा. पहिल्याला स्टोअरमध्ये बसवलं. त्या माणसाचा हात सोन्याचा होता, त्याची काहीही चूक नव्हती, आणि तरी त्याचं काम गेलं. ही गोष्ट मला अजून बोचते. म्हणून 'मेहनत करणाऱ्याला काम मिळतंच' असलं काही मी तुला सांगणार नाही. त्यानं मेहनत केलीच होती.

मी इतकंच सांगेन की मशीननं त्याच्याकडून रेघ घेतली. फ्लँजला किती भोकं हे खाली जाऊन बघायचं काम मशीननं घेतलं नाही, ते घेता आलंच नाही.

आता अगदी अलीकडचं. कुपवाड एमआयडीसीत छोटे पंप करणारा एक ओळखीचा मुलगा आहे. त्यानं एआयकडून लिहून घेतलेलं मॅन्युअल मला नजर टाकायला दिलं. भाषा उत्तम. माझ्या पहिल्या दहा वर्षांतल्या इंग्रजीपेक्षा नक्की चांगली. शीर्षकं, क्रमांक, सूचना, सगळं जागच्या जागी. आणि देखभालीच्या पानावर एक वाक्य होतं: ग्लँडमधून पाणी गळत असल्यास गळती पूर्ण थांबेपर्यंत नट आवळा.

तुझ्या वडिलांना हे वाक्य वाचून दाखव, ते तिथल्या तिथे डोक्याला हात लावतील. पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँडची दोरी भरलेली असते, ती पाण्यानंच थंड राहते आणि पाण्यानंच ओली राहते. तिथून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. कोरडी होईपर्यंत नट आवळला तर दोरी जळते, शाफ्टवरच्या स्लीव्हला ओरखडे पडतात आणि महिन्याभरात पंप खोलावा लागतो. थेंब पडू द्यायचा असतो. मग एआयनं असं का लिहिलं असेल? मला वाटतं, जगात जिथं जिथं 'गळती' हा शब्द लिहिला गेलाय, तिथं तिथं पुढं 'थांबवा' लिहिलेलं आहे. शब्दाच्या शेजारी शब्द बरोबरच बसला होता. पंपाच्या शेजारी मात्र कुणी बसलेलं नव्हतं.

आणि हे फक्त मशीनच करतं असं नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

डिटाचे दिवस. पुण्याच्या त्या कंपनीत एका पंपवाल्या ग्राहकाची बावीस मॅन्युअलं आमच्याकडे होती. 'पंप चालू करणे' हा तुकडा एकदाच लिहायचा आणि सगळीकडे जोडायचा, यात आम्हाला फार समाधान होतं. तुकड्यात पहिली पायरी: डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारा) बंद ठेवून मोटर चालू करा. सेंट्रिफ्युगल पंपाला ते अगदी बरोबर आहे, कारण पाणी वाहत नसताना त्याला सगळ्यात कमी ताकद लागते आणि मोटरवर ताण येत नाही. पण बावीसातली दोन मॅन्युअलं अॅक्सियल फ्लो पंपाची होती. त्याचं नेमकं उलटं असतं. व्हॉल्व्ह बंद असला की त्यालाच सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून तो व्हॉल्व्ह उघडा ठेवून चालू करतात. मी तुकडा जोडला, रिव्ह्यूवर सही केली. साइटवर मोटर पुन्हा पुन्हा ट्रिप होऊ लागली. दोन दिवस लोक वायरिंग तपासत होते, पॅनेल तपासत होते. मॅन्युअलवर कुणाला शंकाच आली नाही, कारण ते छापील होतं. शेवटी तिथल्या एका ऑपरेटरनं स्वतःच्या अकलेनं व्हॉल्व्ह उघडला आणि पंप चालू झाला. मी १९८३ ते १९९६ पंपांच्या कारखान्यात वावरले होते. मला हे माहीत होतं. पण त्या आठवड्यात बावीस मॅन्युअलं पाठवायची होती, आणि मी पंप न बघता पानं बघत होते.

महिन्याला दीडशे पानं म्हणजे काय, हे म्हणून मला तुझ्या पत्रातून लगेच कळलं.

तू लिहिलंस, आम्ही फक्त रिव्ह्यू करायचा. या 'फक्त'वर तुझं सगळं अडलंय. मला खरं सांग, त्या दीडशेपैकी किती पानांतल्या पायऱ्या तू स्वतः करून बघतेस? स्क्रीनवर, खऱ्या खात्यात, बटण दाबून? आणि किती पानांवर नुसती भाषा सारखी करतेस, स्वल्पविराम हलवतेस, 'कृपया' काढतेस? दुसऱ्या प्रकारचं काम जर दिवसभर होत असेल, तर तू ट्रेसरच्या खुर्चीत बसली आहेस. ती खुर्ची रिकामी होणार. तिथून ऊठ. कंपनी सोडायला नको, फक्त खुर्ची बदल.

सॉफ्टवेअरलाही ग्लँड असतेच. एखाद्या पानावर लिहिलेलं असतं, 'युजर डिलीट केल्यावर त्याचा डेटा काढून टाकला जातो.' वाचायला सरळ वाक्य. पण कधी जातो? लगेच, का तीस दिवसांनी? त्यानं बनवलेले रिपोर्ट राहतात का? त्याच मेल आयडीनं पुन्हा खातं काढलं तर जुनं परत येतं का? हे कोडमध्ये कुठंतरी असतं, टेस्टरच्या डोक्यात असतं, सपोर्टला आलेल्या चिडलेल्या फोनमध्ये असतं. एआयला जे दिलं तेवढंच ते लिहितं, आणि जिथं माहिती नाही तिथं शोभेलसं वाक्य घालून पुढं जातं. आपल्यासारखं ते अडखळत नाही. तुझं अडखळणं हाच तुझा गुण आहे, तो कंपनीला दिसेल असा कर.

कसा? एक वही घाल. साधी, शंभरपानी. पुढच्या सहा आठवड्यांत एआयच्या ड्राफ्टमध्ये तुला जी जी चूक सापडेल ती तारीख घालून लिही: पान कुठलं, वाक्य काय होतं, खरं काय निघालं, कुणाकडून कळलं, आणि हे तसंच गेलं असतं तर ग्राहकाचं काय झालं असतं. भाषेच्या चुका त्यात एकही नको. फक्त ज्यानं कुणाचा डेटा गेला असता, पैसे चुकीचे कापले गेले असते, काम बंद पडलं असतं, त्याच. सपोर्टच्या माणसाशी दोस्ती कर आणि विचार की कुठल्या पानावरून सगळ्यात जास्त तक्रारी येतात. मार्चच्या आधी मॅनेजरची अर्धा तास वेळ मागून घे आणि वही त्याच्यापुढं ठेव. 'मी किती पानं केली' असं सांगायच्या खुर्चीतून 'मी काय अडवलं' असं दाखवायच्या खुर्चीत जायचं आहे. तो ऐकेलच असं नाही. पण फेररचनेच्या यादीवर कुणाचं नाव ठेवायचं हे ठरवताना त्याला वरच्यांना काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि 'ही चांगलं लिहिते' हे कारण आता चालत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या कंपनीतच पडलेली असणार. बहुतेक ठिकाणी आता ग्राहकाला उत्तर द्यायला बॉट बसवलाय. तो बॉट तुमचीच मदतपानं वाचून उत्तर देतो, आणि अख्खं पान वाचत नाही. पानाचे तुकडे करून ठेवलेले असतात, त्यातला जुळेलसा तुकडा उचलतो. आता कल्पना कर, त्या तुकड्यात लिहिलंय 'वर सांगितल्याप्रमाणे सेटिंग करा'. वरचं तर दुसऱ्या तुकड्यात राहिलं. किंवा तीन वर्षांपूर्वीच्या व्हर्जनचं पान कुणी काढलंच नाही, आणि बॉट तेच बरोबर म्हणून सांगतोय. अशा वेळी शिव्या बॉटला बसतात, पण दुखणं पानात असतं. प्रत्येक तुकडा एकटा उभा राहील असा लिहिणं, त्याच्या शीर्षकात व्हर्जन येणं, जुनी पानं शोधून काढून टाकणं, एकाच गोष्टीला चार ठिकाणी चार नावं असतील तर एक करणं, हे काम कुणीतरी करायलाच हवं. ज्यांनी तुकड्यांत लिहिण्याची शिस्त शिकली आहे त्यांनाच ते जमतं. ते मागून घे. कुणी देईल याची वाट बघू नकोस.

८५ हजारांचा कोर्स करू नकोस. मी इतकं ठामपणे क्वचित बोलते. त्यात जे शिकवतील ते तू रोजच्या कामात शिकतेच आहेस, आणि साधन बदललं की त्यातलं निम्मं जुनं होतं. तोच वेळ या दोन गोष्टींना दे. एपीआयचं, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी कसं बोलतं त्याचं, डॉक्युमेंटेशन येत नसेल तर ते शीक, त्याचं वर्णन असलेली ओपनएपीआयची फाइल वाचता यायला हवी, त्याला पैसे लागत नाहीत. आणि एएसडी-एसटीई१०० हे मानक मागवून घे, विनामूल्य मिळतं. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी केलेलं सोपं इंग्रजी आहे ते. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, सर्वसाधारण शब्द मोजून ९००च्या आसपास, आणि एका शब्दाला एकच अर्थ. तुला वाटेल, मी साहित्य शिकले, हे काय कोरडं? पण रात्री दोन वाजता हँगरमध्ये उभ्या असलेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मेकॅनिकसाठी कुणीतरी इतका जीव लावून नियम केलेत, हे वाचताना मला तरी भरून येतं.

बी.एड.बद्दल. मुलांना शिकवणं तुला मनापासून आवडत असेल तर जरूर कर, त्याहून चांगलं काम नाही. पण हे सोडायचंय म्हणून ते धरू नकोस. दोन वर्षं अभ्यासक्रम, मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची चाचणी, मग भरतीची वाट. दिरांनी काळजीपोटीच सांगितलं असणार. त्यांना एवढंच सांग की या वर्षी नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात हप्ते धरून, बाजूला असेल तर तू मार्चला ताठ मानेनं सामोरी जाशील. नसेल तर आत्तापासून ते कर, बाकी सगळं नंतर. स्वतःहून राजीनामा लिहून देऊ नकोस, कितीही गोड बोलले तरी. आधी काय देताय ते कागदावर मागून घे. आणि ९ वर्षं एका ठिकाणी झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी तुझा हक्क आहे, पाच वर्षं पूर्ण झाली की तो लागू होतो, नोकरी तू सोडलीस किंवा त्यांनी काढलं तरी. आमच्या वेळच्या एका बाईनं हे माहीत नसल्यानं मागितलीच नव्हती.

आता नोकरी गेलीच तर काय, ते बोलू.

तू सांगलीत बसून पुण्याकडं बघतेस, म्हणून तुला कुपवाड-मिरजेची एमआयडीसी दिसत नसावी. आपल्या जिल्ह्यात यंत्र समजावून सांगण्याचं काम शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, नांगर घ्यायला कुणी पुढं येईना. म्हणजे नांगर घडवून भागत नव्हतं, तो पटवून आणि समजावूनही द्यावा लागत होता. १९२० साली त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं, ते मुळात कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी म्हणून. पुढे ते मोठं मासिक झालं ही वेगळी गोष्ट. मला त्यातली सुरुवात जास्त जवळची वाटते.

त्या परिसरात आज यंत्रं करून बाहेरदेशी पाठवणारे लोक आहेत. त्यांच्यातल्या कुणी युरोपात माल पाठवत असेल, तर यंत्राबरोबर तिथल्या भाषेत नीट सूचना देणं त्याला कायद्यानं भाग आहे. तो कायदा आता बदलतोय. नवा युरोपियन यंत्र-नियम २०२३ साली झाला, तो जानेवारी २०२७ पासून लागू होणार. त्यात सूचना डिजिटल द्यायला परवानगी आहे, पण खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकानं मागितलं तर छापील प्रत फुकट द्यावी लागते. छोट्या कारखानदाराला हे वाचायला वेळ नसतो. तो मॅन्युअल पॅकिंगच्या आदल्या दिवशी आठवणारा माणूस. तू आधीच जाऊन सांगितलंस तर तो ऐकेल. मात्र भ्रमात राहू नकोस: सुरुवातीला पैसे कमी मिळतील, 'एआयकडून फुकट होतंय की' असं प्रत्येक जण म्हणेल. वाद घालू नकोस. त्याच्याच एआयनं केलेलं मॅन्युअल मागून घे, यंत्रापाशी एक दिवस उभी राहा, आणि त्यातल्या पाच चुका त्याला यंत्रावर दाखव. पानावर दर लावू नकोस, पानं आता फुकट झालीत. कामावर लाव, आणि यंत्रापाशी किती दिवस देणार ते त्यात लिही. थोडा अॅडव्हान्स घेतल्याशिवाय सुरू करू नकोस.

मराठीत तर रानच्या रान पडीक आहे. तासगावकडे द्राक्षबागेतला औषध फवारायचा ब्लोअर असतो, त्याच्याबरोबर येणारं पुस्तक बघ एकदा. भाषा मराठी असते, पण वाचून काही करता येत नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुला आठवत असेलच. पाणी उतरल्यावर कृष्णाकाठच्या मोटरी आठवडाभर गाळात होत्या. लोक वीज आली की थेट बटण दाबत होते आणि वायंडिंग जळत होतं. मी तेव्हा रिटायर होऊन परत आले होते. वायरमनचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एका पानाचा कागद करायचं ठरलं: बुडालेली मोटर चालू करण्याआधी काय करायचं. मी तो घरी बसून लिहिला, अगदी मन लावून. त्यानं तो हातात घेतला, तिसऱ्या ओळीवर गाळानं भरलेला अंगठा ठेवला आणि म्हणाला, "बाई, हे पहिलं पाहिजे." तिसऱ्या ओळीवर होतं, 'स्टार्टरचा फ्यूज काढून ठेवा.' माझ्या पहिल्या दोन ओळी होत्या मोटर उघडून धुण्याच्या. मी लिहिलं होतं त्या क्रमानं कुणी केलं असतं आणि मध्येच वीज आली असती तर? मी तिथंच खाली बसून कागद पुन्हा लिहिला. फ्यूज काढा. मोटर उघडा, गाळ धुवा. पूर्ण वाळवा, नुसतं उन्हात एक दिवस ठेवून भागत नाही. मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या. बेअरिंगचं ग्रीस बदला. मगच बटण. सहा ओळी झाल्या. त्याच्या झेरॉक्स लोकांनी स्टार्टरच्या पेटीला आतून चिकटवल्या. चाळीस वर्षांत मी हजारो पानं केली असतील, त्यात हा कागद मला सगळ्यात प्यारा आहे, आणि तो चांगला झाला तो त्या अंगठ्यामुळं.

आता वडिलांचं. त्यांना तू उत्तर दिलं नाहीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनीही ते टोचायला विचारलेलं नाही. रविवारी दुपारी चहा झाला की त्यांच्याशेजारी बस. एआयला सांग, सेंट्रिफ्युगल पंपाची ग्लँडची दोरी कशी बदलायची ते मराठीत लिही. जे येईल ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखव आणि विचार, "बाबा, यात काय चुकलंय?" कदाचित सगळं बरोबर निघेल, तसंही होतं, तर तेही मान्य करायचं. पण मग ते बोलायला लागतील. दोरीचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नसतात, जुनी दोरी काढताना शाफ्टला ओरखडा येता कामा नये, नट दोन्ही बाजूंनी सारखा आवळायचा, थेंब किती पडू द्यायचा हे बोटावर घेऊन बघायचं. ते हातवारे करून दाखवतील. तू ती शंभरपानी वही घेऊन बस, आणि ते बोटानं जे दाखवतात ते शब्दांत उतरतं का बघ. पहिल्या पानावर तेच लिही.